बकासुराचा उपास

पत्र: माझ्या १२ वर्षांच्या मुलाने हट्ट करून वाढदिवसाला टॅरंटुला कोळ्याचं पिल्लू घेतलं. ‘कर्ली हेअर’ जातीचं आहे, पाय पसरले तरी जेमतेम २ सेंटिमीटर. नाव ठेवलंय बकासुर. पहिला महिनाभर आठवड्यातून दोनदा छोटा रातकिडा मिटक्या मारत खायचा. आता ३ आठवडे झाले, अन्नाला शिवलेला नाही. बिळाचं तोंड मातीने लिंपून आत बसलाय. डब्याच्या काचेतून दिसतो तेवढा दिसतो. पोट टम्म आणि काळपट वाटतं. आम्ही आशेने रातकिडे सोडत राहिलो, त्यातले दोन-तीन आत फिरताहेत. मुलाने चिमट्याने बिळात खाणं ढकलून पाहिलं. गेल्या रविवारी तर जिवंत आहे का बघायला अर्धं बीळ उकरलं. इथे थंडी पडलीये म्हणून ह्यांनी डब्याखाली हीट मॅट ठेवली आहे. साताऱ्याहून सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर ‘जेवला का गं तो?’ विचारतात आणि मुलाचे डोळे भरून येतात. आपण त्याला मारतोय असं त्याच्या मनाने घेतलंय. जबरदस्तीने भरवायची काही सोय असते का? डॉक्टरकडे न्यायचं का? शिवाय डिसेंबरात आम्ही ३ आठवडे भारतात येतोय, तेव्हा याचं काय करायचं?
– एक आई, मँचेस्टर

ताई,

सासूबाईंना आजच सांगून टाका: नाही जेवला, इतक्यात जेवणारही नाही, आणि त्याची तब्येत बहुतेक तुमच्या-माझ्यापेक्षा बरी आहे.

तुम्ही पत्रात सहज तीन गोष्टी लिहून गेलात. पोट टम्म आहे, रंग काळपट झालाय, बिळाचं दार बंद आहे. कोळी पाळणाऱ्या कुणालाही या तीन गोष्टी एकत्र सांगा, तो पुढचं वाक्य पूर्ण करेल: कात टाकायला बसलाय. भूक मेलेली नाही, खायची सोयच सध्या बंद आहे. कोळ्याचं कवच बाहेरून असतं आणि ते वाढत नाही. अंगाने वाढायचं तर आत नवं कवच तयार करायचं आणि जुनं अख्खं उतरवून टाकायचं, एवढाच मार्ग. ‘अख्खं’ हा शब्द मी जपून वापरतोय. पाय, पाठ, पोट तर झालंच, पण सुळेही जुन्या कातेबरोबर निघतात आणि अन्न शोषून घेणाऱ्या जठराचं आतलं अस्तरही निघतं. आतून एवढी डागडुजी चाललेली असताना समोर रातकिडा नाचवला तरी तो काय करणार?

मुलाला एक काम द्या. डबा न हलवता, झाकण न उघडता, काचेतून टॉर्चच्या तिरप्या उजेडात पोटाचा मागचा भाग दिसतो का बघायला सांगा. या वयाच्या पिल्लाचं पोट एरवी फिकट तपकिरी असतं आणि मागच्या बाजूला एक वेगळा ठिपका दिसतो. कात जवळ आली की तो ठिपका गडद होत जातो, कारण खाली नवे काळे केस तयार झालेले असतात आणि जुन्या, ताणलेल्या कातडीतून ते दिसायला लागतात. कातडी इतकी ताणते की पोटावर चकाकी येते. हे दिसलं तर काळजी मिटली. नाही दिसलं, कारण तो पाठ फिरवून बसलाय, तरी उकरायचं नाही.

उकरण्याबद्दल मी मुलाला रागावणार नाही. बारा वर्षांच्या पोराने मातीखाली गेलेल्या जिवाची चौकशी करावी हे मला आवडलंच. पण कात टाकताना कोळी पाठीवर उताणा पडतो आणि कित्येक तास तसाच असतो. नवं अंग तेव्हा लोण्याइतकं मऊ असतं. त्या वेळी माती कोसळली किंवा चिमटा लागला तर पाय वाकडा होऊन तसाच वाळतो, किंवा जुन्या कातेत अडकून राहतो. म्हणून बिळाचं दार बंद असलं की आपण बाहेर. तो स्वतः उघडेपर्यंत.

आता जे खरोखर धोक्याचं आहे त्याकडे येतो. तुमच्या डब्यात या क्षणी उपासाने मरणारं कुणी नाही, पण दोन-तीन रातकिडे उपाशी फिरताहेत. रातकिडा मिळेल ते कुरतडतो. हलता न येणारा, मऊ कातडीचा कोळी समोर आला तर त्यालाही कुरतडतो. पाळलेले टॅरंटुला कातेच्या वेळी असे जखमी झाल्याच्या, मेल्याच्या तक्रारी छंदिष्टांमध्ये नित्याच्या आहेत. हे उत्तर वाचून झालं की आधी ते रातकिडे पकडून बाहेर काढा. मातीत लपले असतील तर डब्याच्या दूरच्या कोपऱ्यात गाजराचा किंवा बटाट्याचा छोटा काप ठेवा, रात्री त्याच्याभोवती जमतील, तेव्हा उचला. आणि पुढेही कायमचा नियम ठेवा: २४ तासांत खाल्लं नाही तर ते भक्ष्य बाहेर.

दुसरं, हीट मॅट. ह्यांनी मायेपोटी ठेवली, पण डब्याखाली ठेवली हे चुकलं. टॅरंटुलाला उकडलं की तो खाली बीळ करतो, कारण निसर्गात खाली गारवा असतो. तुमच्या डब्यात खाली तवा तापलेला आहे. जितका खोल जाईल तितका भाजेल, आणि खालची माती वाळून खडखडीत होईल. मॅट काढून टाका. कर्ली हेअर हा मूळचा मध्य अमेरिकेतला, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका या भागातला, आणि सोसायला चिवट. घरात तुम्हाला स्वेटर न घालता बसवतं तेवढी ऊब त्याला पुरते. २० ते २५ अंश असलं की झालं. रात्री हीटिंग बंद झाल्यावर पारा १७-१८ वर उतरला तरी तो मरत नाही, फक्त सगळं सावकाश होतं: पचन सावकाश, वाढ सावकाश, कातही लांबते. म्हणजे थंडीत उपास आठवडा-दोन आठवडे जास्त चालला तर त्याचं अर्धं कारण तुमच्या थर्मोस्टॅटवर आहे. डबा खिडकीशी नको, रेडिएटरवर तर नकोच. आतल्या भिंतीकडच्या कपाटात मधल्या फळीवर ठेवा. मॅट वापरायचीच असेल तर डब्याच्या बाजूला, थोडं अंतर ठेवून आणि थर्मोस्टॅट लावूनच.

तिसरं पाणी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. अन्नाची तुम्ही इतकी चर्चा केलीत, पाण्याचा पत्रात शब्दही नाही. टॅरंटुलाची पिल्लं भुकेने सहसा मरत नाहीत. मरतात ती बहुतेक वेळा सुकून. या वयात कातडी पातळ असते, अंगातला ओलावा पटकन उडतो, आणि हिवाळ्यातल्या हीटिंगने घरातली हवा कोरडी असते. कोळ्याच्या पायांत वाकवायचे स्नायू असतात, पण पाय ताणण्यासाठी तो अंगातल्या द्रवाचा दाब वापरतो. द्रव कमी पडला की दाब उतरतो आणि पाय पोटाखाली गोळा होतात. मेलेला कोळी असा मुठीसारखा आवळलेला का दिसतो, त्याचं कारण हेच. कातही याच दाबाच्या जोरावर उतरते. सुकलेल्या पिल्लाला जुन्या कातेतून बाहेर पडायची ताकद राहत नाही.

तेव्हा डब्याचा एक कोपरा ओला ठेवायचा. ड्रॉपरने डब्याच्या भिंतीला लागून पाणी सोडा, म्हणजे ते मातीच्या खालच्या थरापर्यंत जाईल; बिळाच्या तोंडावर ओतू नका. दुसरा कोपरा कोरडा राहू द्या, त्याला हवं तिथे तो बसेल. एक बाटलीचं बूच, छोट्यातलं छोटं, काठोकाठ भरून ठेवा. स्पंज, कापूस त्यात घालू नका, घाण साचते. सगळी माती चिखल झाली तरीही वाईट, बुरशी धरते. झाकणाला आणि बाजूंना बारीक भोकं आहेत ना, तेही बघा. हवा खेळायला हवी, पण भोकं त्याच्या अंगापेक्षा लहान हवीत. एवढंसं पिल्लू कुठून निसटेल सांगता येत नाही, आणि मग घरातल्या सगळ्यांचाच उपास सुरू होईल.

भरवण्याबद्दल. नाही, जबरदस्तीची कसलीही सोय नाही, आणि असती तरी मी सांगितली नसती. कोळी चावून गिळत नाही. भक्ष्यावर पाचक रस ओकतो, त्याचा रस्सा करतो आणि तो शोषून घेतो; शेवटी उरतो तो चोथ्याचा गोळा टाकून देतो. तोंड दोन सुळ्यांच्या मागे, खालच्या बाजूला असतं. तिथे चिमट्याने काही टेकवायचं म्हणजे नव्या, नाजूक सुळ्यांवर घाव घालणं. सुळे मोडले तर खरा उपास सुरू होईल, पुढची कात येईपर्यंत.

डॉक्टरांबद्दल: तुमच्याकडे एक्झॉटिक प्राणी बघणारे पशुवैद्य आहेत, पण या लक्षणांसाठी नेऊ नका. नेण्याचा धक्काच जास्त. न खाणारा कोळी आजारी आहे की नुसता थांबलाय हे कळायला कॅलेंडर उपयोगाचं नाही, पोट बघायचं. पाठीचं कवच, म्हणजे जिथून पाय फुटतात तो पुढचा भाग, आणि त्याच्या मागचं पोट यांची तुलना करा. पोट कवचापेक्षा मोठं आहे तोवर शिधा शिल्लक आहे. पोट कवचाहून लहान, सुरकुतलेलं, चेपलेलं दिसलं, आणि तो बिळाबाहेर पाय आवळून लडखडत चालतोय असं झालं, तर घाई करा. तेव्हाही आधी पाणी: सपाट बुचात पाण्याचा थर घेऊन त्याचा पुढचा भाग त्याच्या काठाशी येईल असा हलकेच सरकवायचा, श्वासाची छिद्रं पोटाच्या खालच्या बाजूला असतात म्हणून पोट पाण्याबाहेर ठेवायचं. ओल्या टिश्यूने भरलेल्या बंद डबीत कोंडून ठेवायचा जुना उपाय तुम्हाला कुणीतरी सुचवेल. कोंदट ओलीत उलट नुकसान होतं, तो करू नका. तोंडापाशी पांढरट चिकट काही दिसलं आणि वास येत असेल तर मात्र ते कृमींचं लक्षण असू शकतं, तेव्हा पशुवैद्याला फोन करा. तुमच्या बकासुराच्या बाबतीत यातलं एकही मला दिसत नाही.

खरं तर बकासुर जरा जास्तच जेवलाय. महिनाभर आठवड्यातून दोन रातकिडे म्हणजे गाडाभर भातच झाला. चुकीचं नाही, वाढत्या पिल्लाला चालतं, पण पोट लवकर भरतं आणि दार लवकर लागतं. मोठे टॅरंटुला तर याहून अवघड. चिलीचा ग्रामोस्टोला रोझिआ म्हणून एक आहे, तो काही कारण न देता महिनोन्महिने खात नाही आणि पाळणाऱ्याला वेड लावतो. तुमचं पिल्लू त्या मानाने सरळमार्गी आहे. पोट भरलेल्या पिल्लाने दोन-चार आठवडे बंद राहणं नेहमीचं, कधी दोन महिनेही जातात.

मग एक दिवस सकाळी बिळाच्या तोंडाशी सुरकुतलेला, मेलेला कोळी पडलेला दिसेल. त्या क्षणी घरात रडारड होईल म्हणून आधीच सांगून ठेवतो: ती कात असते. नीट बघितलंत तर पाठीचं कवच एका बाजूने उघडलेलं असतं आणि आत पोकळ. मुलाला ती चिमट्याने उचलू द्या, कोमट पाण्यात जरा भिजवली की पाय पसरता येतात. त्यात सुळेसुद्धा दिसतील, काळे, टोकदार. जपून ठेवा. पुढे पिल्लू मोठं झालं की कातेच्या आतल्या बाजूवरून, भिंगाखाली बघून, नर की मादी ते ओळखता येतं. सध्या कुणालाच सांगता येणार नाही की हा बकासुर आहे की हिडिंबा. हिडिंबा निघाली तर वीसेक वर्षं घरात राहील. मुलगा शिकायला बाहेर पडला की डबा तुमच्या गळ्यात, हे लिहून ठेवा.

कात दिसली म्हणून लगेच ताट वाढू नका. नवे सुळे आधी पांढरे असतात, मग लालसर होतात, मग काळे. काळे होईपर्यंत ते मऊ असतात. एवढ्या पिल्लाला साधारण पाच-सात दिवस लागतात. तोवर फक्त पाणी. त्यानंतर पहिलं जेवण आधीच मारलेलं द्या. रातकिड्याचं डोकं चिमट्याने दाबायचं, किंवा मीलवर्म अळीचा तुकडा करायचा आणि बिळाच्या तोंडाशी संध्याकाळी ठेवून द्यायचा. लहान टॅरंटुला मेलेलंही आनंदाने खातात. तुकडा रात्रीतून आत ओढून नेला असेल तर कारभार सुरळीत झाला. तसाच पडून असेल तर दुसऱ्या दिवशी काढा, चार-पाच दिवसांनी पुन्हा. भक्ष्य त्याच्या पोटापेक्षा मोठं नको. पेट शॉपमध्ये अगदी बारीक रातकिड्यांची वेगळी डबी मिळते, ती मागा. बागेतले किडे आणू नका, फवारणीचं औषध कुठून अंगात आलेलं असेल कळत नाही.

मुलाबद्दल थोडं. तो रडतो याचं कारण मला वाटतं कोळी नाही, रोजची चौकशी आहे. घरात एखाद्या लेकराने घास नाकारला की आपल्याकडे सगळं घर त्याच्या मागे लागतं, आणि ती सवय आपण आता आठ पायांच्या जिवालाही लावलीत. सासूबाईंना वेगळा प्रश्न द्या: ‘दार उघडलं का?’ आणि मुलाला एक वही द्या. तारीख, काय दिलं, खाल्लं का, पाणी कधी घातलं, कात कधी, बस्स. अनुभवी लोक हेच करतात. दोन-तीन काती झाल्या की त्याला स्वतःलाच कळेल की किती जेवणांनंतर दार लागतं, आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला आधी सांगेल. हातात घ्यायचं मात्र नाही. पिल्लू उंचावरून पडलं तर पोट फुटतं, आणि या जातीचे मोठे कोळी पोटावरचे बारीक खाजरे केस झाडतात. ते डोळ्यात गेले तर डॉक्टर कोळ्यासाठी नाही, मुलासाठी गाठावा लागेल. डब्यात काम केलं की हात धुवायचे, तोवर डोळे चोळायचे नाहीत.

हे वाचून पुण्या-मुंबईकडचे, कोकणातले काही वाचक मला लिहिणार, आम्हालाही पाळायचाय. त्यांच्यासाठी एवढंच: आंबोलीच्या किंवा गोव्याच्या जंगलातून बीळ उकरून कोळी आणू नका. सह्याद्रीत आपले स्वतःचे टॅरंटुला आहेत आणि ते तिथेच शोभतात. आंध्रातल्या निळ्या पोसिलोथेरिया मेटॅलिकाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १८९९ मध्ये त्याची नोंद झाली, मग शंभरेक वर्षं कुणाला सापडला नाही, आणि आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. परदेशी जातींचंही भारतात मोकळं रान नाही. ब्रॅकिपेल्मा आणि पोसिलोथेरिया हे टॅरंटुलांचे गट साइटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहेत, आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा यादीतले प्राणी बाळगणाऱ्याला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. विकणारा ‘कागद लागत नाहीत’ म्हणाला की तिथून निघायचं. ताई, कर्ली हेअरही त्याच यादीत येतो; याच कारणाने बकासुराला आजीच्या भेटीला साताऱ्याला आणायचा विचार कुणी बोलून दाखवला, तर तो तिथल्या तिथे मोडून काढा.

राहिला डिसेंबरचा प्रश्न. ३ आठवडे तो एकटा राहू शकतो, पाणी आणि ऊब यांची व्यवस्था लावलीत तर. घर बंद करताना हीटिंग पूर्ण बंद करू नका, १८ वर ठेवून जा. त्याहून बरं म्हणजे डबा मुलाच्या एखाद्या मित्राकडे ठेवा, जिथे माणसं राहताहेत. नेताना हातात धरून, न हिंदकळता न्या. बीळ कोसळता कामा नये. निघायच्या आधी कात होऊन गेली असेल आणि सुळे काळे झाले असतील तर दोन दिवस आधी एक जेवण द्या, उरलंसुरलं काढा आणि निघा. दार बंदच असेल तर काहीच देऊ नका. मित्राच्या आईला एकच काम सांगा: आठवड्यातून एकदा बूच भरायचं आणि ओल्या कोपऱ्यात ड्रॉपरने थोडं पाणी सोडायचं. खायला काही द्यायचं नाही, त्यांच्या मुलांनी कितीही गळ घातली तरी. डब्यावर चिठ्ठी चिकटवा, त्यावर तुमचा साताऱ्याचा नंबर आणि ‘उताणा पडलेला दिसला तर हात लावू नका, मेलेला नाही’ एवढं ठळक अक्षरांत.